खरवडलेलं सत्य

ह्वान येन हा माणूस वाईट नव्हता. फक्त त्याची भूक त्याच्या विद्येपेक्षा मोठी होती, आणि हे त्याचं त्यालाही ठाऊक होतं. तिंगताओच्या बाजारात, मीठवाल्यांच्या रांगेपलीकडे ग्रामदेवतेचा मातीचा ओटा होता. त्यावर उभा राहून तो थोरल्या सत्याविषयी बोलायचा. ओंजळीत घेतलेलं पाणी ओंजळीच्या आकाराचं होतं, नदी काही हाती येत नाही. तसंच हे सत्य, कोणत्याच शब्दात ते मावत नाही, असं तो सांगायचा. आणि सांगताना डोळे असे मिटायचा की समोरच्या बाईनं भाजीची टोपली खाली ठेवावी.

असलं सत्य विकायला फार सोयीचं. कापडवाल्याला कापड मोजून द्यावं लागतं, मासेवाल्याला कल्ले उघडून दाखवावे लागतात. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सगळ्यांवर सारखंच प्रेम करा म्हणणारे काही लोक उभे असायचे, त्यांना निदान एकमेकांवर तरी प्रेम करून दाखवावं लागायचं आणि तिथेच त्यांची रोज भांडणं व्हायची. येनला काहीच दाखवावं लागत नव्हतं. शब्दांत येत नाही म्हटलं की विषय संपला.

एके दिवशी म्हातारे रुआनबाबा त्याचं बोलणं ऐकायला थांबले. गावाबाहेरची रोगणाच्या झाडांची मोठी राई त्यांची. झाडांना चिरा द्यायच्या, चीक गोळा करायचा आणि तो भांड्यांना, रथांना नि शवपेट्यांना चढवायचा, यात त्यांची सगळी हयात गेली होती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि येनला विचारलं, जेवलात का. येन जेवला नव्हता. तो त्या दिवशी रुआनांच्या घरी जेवायला गेला आणि तिथलाच झाला. आमच्याकडे मोठ्या घरात एखादा विद्वान पोसायची रीत आहे. दारात कुत्रं आणि ओसरीवर विद्वान असला की घराला शोभा येते. नव्या माणसाला रोगण बाधतं तसं ते येनलाही बाधलं. आठवडाभर त्याचं तोंड सुजून भोपळ्याएवढं झालं होतं, पण त्यानं मासे काही सोडले नाहीत.

घर चालवायची बाबांची लेक ल्यान. नवरा वारल्यावर ती माहेरी परत आली होती आणि आल्या दिवसापासून चिकाच्या मडक्यांपासून बापाच्या औषधापर्यंत सगळं तिच्याच हाती होतं. येनविषयी तिचं मत फारसं बरं नव्हतं. गुरुजींचं सत्य शब्दांत येत नाही, पण पातेल्यात बरोबर येतं, असं ती गड्यांसमोर म्हणायची.

त्या शरदात बाबा अंथरुणाला खिळले. खोकला छातीत उतरला, जेवण तुटलं. वैद्यानं नाडी बघितली आणि ल्यानला बाजूला घेऊन सांगितलं की हिवाळ्यातल्या मोठ्या पूजेचं मांस बाबांच्या वाट्याला येईल असं काही दिसत नाही. शवपेटी तयारच होती. बाबा तिला दर वर्षी रोगणाचा एक हात द्यायचे, त्यामुळे ती अशी चकाकत होती की ल्यान तिच्यात बघून केस विंचरायची. तयार नव्हते ते बाबाच. त्यांनी येनला आत बोलावलं, दार लावायला सांगितलं आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, मला भीती वाटते हो."

बाजारात त्याच्याशी असं कोणी कधी बोललं नव्हतं.

"झाडाला चीर कुठे द्यायची ते मला कळतं," बाबा म्हणाले. "मरायचं कसं ते कळत नाही. तुमचं ते थोरलं सत्य मला लिहून द्या. एकदा वाचीन, कळलं की सुखानं डोळे मिटीन. मग ते माझ्या उशाशी ठेवा नि पुरा मला."

"बाबा, पण ते शब्दांत येत नाही ना."

"म्हणूनच तुम्हाला ठेवलंय. शब्दांत येतं ते माझा कारकूनही लिहून देईल."

झालं. आता पळायला वाट नव्हती. आणि खरी गोष्ट सांगायची तर येनकडे काहीही नव्हतं. तरुणपणी तो एका गुरूकडे राहिला होता. गुरू डोळे मिटून बसायचे, म्हणून हाही मिटून बसला. गुरू नदी आणि ओंजळ म्हणायचे, म्हणून हाही म्हणू लागला. मिटल्या डोळ्यांमागे गुरूंना काय दिसतं ते त्यानं कधी विचारलं नाही, आणि गुरू एक दिवस तसेच मिटल्या डोळ्यांनी वारले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण ओसरी सुटेल या भीतीपेक्षा आता त्याला दुसऱ्याच गोष्टीची जास्त भीती वाटत होती. म्हाताऱ्यानं त्याच्यापुढे मन उघडं केलं होतं, आणि त्याला रिकाम्या हातानं मरू द्यायचं हे येनला सहन होईना.

तो लिहायला बसला. बांबू आणला, चिरून कामट्या केल्या, त्या विस्तवावर धरून त्यांच्यातलं पाणी काढलं, म्हणजे पुढे कीड लागत नाही. शाई उगाळली. पहिल्या कामटीवर त्यानं लिहिलं की ते फार विशाल आहे. रात्रभर बरं वाटलं. सकाळी वाचलं तेव्हा मनात आलं, विशाल म्हणजे कशाएवढं? हत्तीएवढं? त्यानं कमरेची छोटी सुरी काढली आणि शाई खरवडून टाकली. मग लिहिलं की ते कशासारखंच नाही. हे तर तुटक्या चपलेबद्दलही म्हणता येतं, असं दुसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं. खरवडलं. सूक्ष्म लिहिलं, खरवडलं. प्रकाश लिहिलं आणि लाज वाटून लगेच खरवडलं. कामट्या पातळ होत चालल्या. बांबूचा कीस साठला की ल्यान तो चुलीत घालायची, आणि जेवायला वाढताना म्हणायची, आज गुरुजींच्या सत्याचा जाळ चांगला झाला, मासे मस्त शिजलेत.

अशात पेईबुवा आले. पेईबुवा म्हणजे अंत्यविधी सांगणारे. गावात कोणी खोकलं की ते बाहेर उंबऱ्याशी दिसायचे, आणि माणूस बरा झाला तर त्यांना जरा वाईटच वाटायचं. ते कबरीत ठेवायच्या वस्तू तपासायला आले होते. मातीची बदकं बघितली. मातीची चूल बघितली, तिला धुरासाठी भोक नव्हतं, ते ठीक. तारा लावलेली पण न जुळवलेली वीणा बघितली आणि तिच्यातून बेसूर आवाज आल्यावर मान डोलावली. नियमच तसा आहे. मेलेल्याला द्यायची वस्तू दिसायला खरी हवी पण वापरायला निकामी हवी. चालणारी वस्तू दिली तर मेलेला माणूस संसार मांडायला बघतो, आणि काहीच दिलं नाही तर रुसून बसतो. म्हणून मधली वाट.

मग त्यांनी विचारलं, ग्रंथही ठेवणार आहात म्हणे, तो कुठे आहे? येननं आपली अडचण सांगितली. पेईबुवा हसायलाच लागले. कबरीतला ग्रंथ वाचता येता कामा नये, म्हणाले; वाचता आला तर नियम मोडला. येनला हायसं वाटलं. तो म्हणाला, मग कोऱ्या कामट्या बांधून देतो. त्यावर बुवा चिडले. वीणेला तारा आहेत की नाहीत? आहेत, फक्त सूर लागत नाही. तशी ग्रंथात अक्षरं हवीत, फक्त अर्थ लागता कामा नये.

हे ऐकून येनला इतका आनंद झाला की त्यानं बुवांना आपल्या वाटणीची दारू पाजली. ग्रंथ कबरीचा, कबरीचा कायदा बुवांचा, म्हणजे आपण सुटलो, एवढंच त्याच्या डोक्यात शिरलं. कबरीचा धनी अजून पलीकडच्या खोलीत खोकतोय, हे त्या दोघा शहाण्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. येननं ताज्या कामट्या घेतल्या आणि जन्मात पहिल्यांदा त्याचा कुंचला भरधाव सुटला. मीठ ओलं असतं डावीकडे. काल उद्या सासू राळे. बदकाला विचार, नदी चपलेत. असं त्यानं दुपारपर्यंत लिहिलं आणि सुरीला हात लावायची एकदाही वेळ आली नाही. रेशमी दोरीनं कामट्या ओळीनं बांधल्या, गुंडाळी केली, रोगणाच्या डब्यात ठेवली. पेईबुवांनी डोळे पुसले आणि इतकं शास्त्रशुद्ध काम आपण बघितलं नव्हतं असं म्हणाले.

दोघं मोठ्या थाटात डबा घेऊन बाबांच्या खोलीत गेले. गुडघे टेकून बसले, डबा पुढे सरकवला. बाबांनी गुंडाळी उलगडली. ल्यान उशाशी बसली होती. बाबा मोठ्यानं वाचू लागले. मीठ ओलं असतं डावीकडे. थांबले. परत वाचलं. बदकापर्यंत आले. येनच्या मनात एक पापी आशा डोकावली, की बाबांना यातच काहीतरी खोल दिसेल. बाजारात असं पुष्कळदा झालं होतं. पण बाबा बाजारातल्यासारखे नव्हते. त्यांनी गुंडाळी खाली ठेवली आणि हे काय आहे असं विचारलं. येनच्या आधी पेईबुवाच उत्तरले. त्यांनी नियम सांगितला, वीणेचा दाखला दिला आणि कबरीच्या दृष्टीनं ग्रंथ अगदी निर्दोष आहे अशी ग्वाही दिली.

आता हे ज्याला माहीत नाही त्याला सांगतो, आमच्या मुलखात माणूस जिवंत असताना त्याच्या घरी सुतकाची भेट पाठवणं यापेक्षा मोठा अपमान नाही. यावरून शेजारच्या दोन सरदार घराण्यांची बोलचाल अजून बंद आहे. बाबांचं तोंड आधी पांढरं झालं, मग लाल. ज्या माणसाला कूस बदलायला दोन माणसं लागत होती तो ताडकन उठून बसला.

"मी मेलोय का रे?" बाबांनी येनला विचारलं. इतक्या दिवसांचं गुरुजी आणि अहोजाहो त्या एका वाक्यात गेलं. "मेलो की दे बेसूर वीणा, दे भोक नसलेली चूल. जिवंत माणसाला मेल्याचं पुस्तक वाचायला देतोस? मी तुला माझी भीती सांगितली आणि तू मला सासू आणि राळे सांगतोस?"

त्यांनी गुंडाळी उचलून पेईबुवांच्या टोपीवर हाणली. दोरी तुटली, कामट्या खोलीभर पसरल्या. बुवा जे पळाले ते अंगणातल्या मातीच्या बदकांवरून धडपडत पळाले. मग बाबा लेकीकडे वळले. "ल्यान, भात आण. या गाढवाला झापायचं तर पोटात काहीतरी पाहिजे."

ल्यान त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. मग धावली. बाबांनी राळ्याचा वाडगाभर भात खाल्ला, मधून मधून येनला झापत, आणि शेवटी वाडगा पुसून घेतला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते येननं करून घेतलं होतं. मान खाली घालून तो कामट्या गोळा करत होता. त्याला वाटलं आता हाकलणार. पण बाबा म्हणाले, उद्या सकाळी एक ओळ आणायची. एकच. खरी.

दुसऱ्या दिवशी येननं ओळ नेली. ते अनंत आहे असं त्यानं लिहिलं होतं. बाबा म्हणाले, अनंत म्हणजे तुला मोजायचा कंटाळा आला, खरवड. आणि नाश्ता मागवला. तिसऱ्या दिवशी निःशब्द लिहिलं. बाबांनी विचारलं की मग हा जो लिहिलायस तो शब्द नाही तर काय काकडी आहे? आणि लोणच्याबरोबर दोन वाडगे जेवले. हिवाळ्यातल्या पूजेचं मांस आलं, तेही खाल्लं. वैद्य आला, नाडी बघितली, आणि आपल्याच औषधाचा गुण म्हणून बसला. वसंतात बाबा ओसरीवर यायला लागले, उन्हाळ्यात काठी टेकत राईत जाऊन गड्यांवर ओरडून आले. रोज सकाळी एक ओळ, रोज तिची चिरफाड, रोज खरवडणं. पुन्हा हिवाळा आला तरी हेच चालू होतं.

ल्यानच्या नजरेतून काही सुटत नसे. तिला दिसलं की ओळ जितकी टाकाऊ तितकं बाबांचं जेवण जास्त. आणि एखाद्या दिवशी ओळ अर्धीमुर्धी जमलेली असली की बाबा गप्प होतात, भात तसाच राहतो आणि ते कुठेतरी लांब बघत बसतात. एकदा ती विहिरीवर येनला म्हणाली की गुरुजी, तुमचं काम फार छान चाललंय, असंच बिघडवत राहा. आणि त्या दिवसापासून मासा वाढताना पोटाकडचा तुकडा येनच्या वाडग्यात पडू लागला.

येनचंही बरं चाललं होतं. सकाळी ओळ घेऊन तो बाबा उठायच्या आधीच त्यांच्या दाराशी हजर असायचा. आजवर त्याच्या बोलण्याला लोकांनी माना डोलावल्या होत्या. तुझं हे चुकलं असं मनापासून कोणी सांगितलं नव्हतं. त्याला ते झापणं आवडायला लागलं होतं. बाजारातल्या ओट्याकडे तो फिरकतही नव्हता.

आणि मग नको तेच झालं. दुसऱ्या वसंतात एका दुपारी बाबा ओसरीवर उन्हात पेंगत होते. ल्यान त्यांचे पांढरे केस विंचरत होती. एक गांधीलमाशी बाबांच्या कानाभोवती घिरट्या घालू लागली. हाकलावी तर बाबा जागे होतील, राहू द्यावी तर चावेल. ल्यानचा हात तसाच अर्ध्यावर थांबला, श्वासही थांबला. माशी गेली. ल्यान हात खाली घ्यायचंच विसरली. हे सगळं येन खांबाशी बसून बघत होता. हातात कामटी होती, त्यानं विचार न करता काहीतरी लिहिलं आणि कामटी कमरेत खोचून तिला विसरून गेला.

सकाळी सवयीनं सुरी काढून त्यानं ओळ वाचली. सुरी टेकेना. परत वाचली. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. ना गांधीलमाशी होती तिच्यात, ना हात, ना कुठला मोठा शब्द. पण ते होतं. येन खाली बसला आणि रडायला लागला. गुरूंना मिटल्या डोळ्यांमागे काय दिसत होतं ते त्याला कळलं होतं, आणि आता ते कोणालाही वाचून दाखवता येणार होतं. त्याला इतका आनंद झाला की तो घाबरला.

ल्यान चुलीसाठी कीस न्यायला आली. तिनं त्याचं तोंड बघितलं, कामटी घेतली, वाचली. वाचून तीही खाली बसली.

"हेच ना ते?" तिनं विचारलं.

"हेच."

"मग खरवडा."

"ल्यानताई, यासाठी माझा उभा जन्म गेलाय. देशोदेशीचे विद्वान ही एक ओळ वाचायला येतील."

"येऊ देत नाहीतर न येऊ देत. बाबा काय म्हणाले होते? कळलं की डोळे मिटीन. ते बोलल्याप्रमाणे करणारे आहेत." तिनं कीस टोपलीत भरला. "मला बाप हवाय, गुरुजी. सत्याचं तुमचं तुम्ही बघा."

ती निघून गेली. येन कामटी मांडीवर घेऊन बसला. ओळ तोंडपाठ करून ठेवावी असं त्याच्या मनात आलं, पण पाठ केली तर कधीतरी तोंडातून निघेल हेही त्याला कळत होतं. आपल्या तोंडाची ख्याती त्याला ठाऊक होती. आतून बाबांचा आवाज आला, तो गाढव कुठे मेला म्हणून. त्या आवाजानं सगळा निकाल लागला. त्यानं सुरी टेकवली आणि एका अक्षराकडेही न बघता सगळं खरवडून काढलं. मग तोंड धुऊन तो आत गेला.

"आण," बाबा म्हणाले.

"आज काही जमलं नाही, बाबा."

बाबांनी तरी हात पुढे केला. येननं कोरी कामटी दिली. ती इतकी पातळ झाली होती की बाबांनी उजेडाकडे धरली तर पलीकडचं दार दिसलं. त्यांनी कामटीकडे बघितलं, येनच्या लाल डोळ्यांकडे बघितलं.

"जमलं होतं," ते म्हणाले.

येननं मान खाली घातली.

"मलाही जमलं होतं रे. त्या पहिल्याच हिवाळ्यात. असाच पडलो होतो, तू बाहेर शाई उगाळत होतास, त्याचा आवाज येत होता. एकदम लख्ख कळलं. भीती गेली ती गेलीच."

"मग सांगितलं का नाहीत?" येन म्हणाला. "मी वर्षभर इथे बांबू खरवडतोय."

"सांगितलं असतं तर तू वळकटी बांधून निघाला असतास. ल्यान बिचारी माझ्या उशाशी सुतक धरून बसली असती. मग सकाळी उठून मी करायचं काय, आणि झापायचं कोणाला?"

त्यांनी कामटी त्याच्या हातात परत दिली आणि उठायला हात मागितला. येननं हात दिला.

"उद्या जरा जाड कामटी घे," बाबा म्हणाले. "आणि चुकीचं लिही, बाळा. मला भूक लागली पाहिजे."